तांब्याच्या किसाचा एक्स-रे आलेख: पीक (शिखरं) रुंद झालेत ते समजलं, पण एका रेषेत का येत नाहीत?

ताणाबाणा (रविवार, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी. मी बेळगाव-वडगावचा. घरी माग आहे, बाबा अजून साड्या विणतात. मी एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टमध्ये अडकलोय. इथं धातूकाम आणि स्फटिकशास्त्र जाणणारी बरीच मंडळी आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

उद्यमबागेत मामांचं वर्कशॉप आहे. तिथं तांब्याची एक जाड पट्टी व्हाइसमध्ये धरून कानशीने कीस काढला. दोन दिवस लागले, तळहाताला फोड आले. निम्मा कीस तसाच ठेवला, निम्मा भट्टीत तापवला. कल्पना जुनीच आहे. कानशीच्या दातांखाली तांबं चिरडतं, त्याच्या अणूंचं जालक वाकडंतिकडं होतं आणि तापवल्यावर पुन्हा सुधारतं. दोन्हींचे एक्स-रे विवर्तनाचे आलेख शेजारी ठेवून फरक मोजायचा.

तांब्याची एक्स-रे ट्यूब वापरून पाच पीक मिळाले: ४३.३, ५०.४, ७४.१, ८९.९ आणि ९५.१ अंशांवर. म्हणजे (१११), (२००), (२२०), (३११), (२२२); कंसातले आकडे पीक कोणत्या अणुथरांचा ते सांगतात. कच्च्या किसाचे पीक चांगलेच पसरलेत. सॉफ्टवेअर प्रत्येक पीकवरून शेररच्या सूत्राने कणाचा आकार देतं, पण पाच पीकचे पाच वेगळे आकार येतात. मला सांगितलं गेलं की सरासरी काढ आणि लिहून टाक. मन मानेना.

मग विल्यमसन-हॉल आलेख काढला, म्हणजे पीकची रुंदी कोनासमोर मांडली, प्रत्येक पीकचा एक बिंदू. पाचही बिंदू एका रेषेवर यायला हवेत ना? (२००) पार वर उडालाय, (१११) आणि (२२२) खाली बसलेत. शिवाय (१११) च्या उजव्या पायथ्याशी, ४४.७ च्या आसपास, एक बारीक फुगवटा आहे. रीटफेल्ड फिटची (सगळा आलेख एका मॉडेलने जुळवतात त्याची) रेघ तिथं पोचतच नाही. हा स्टॅकिंग फॉल्ट (अणूंच्या थरांचा क्रम चुकणं) असेल का?

---

गोनिओमीटर (रविवार, रात्री ११:४०)

मन मानलं नाही हे बरं झालं. सरासरी काढू नकोस. पाच पीकवरून पाच आकार येतात, ही मापनातली चूक नाही. त्यातूनच नमुना तुला काहीतरी सांगतोय.

शेररने १९१८ मध्ये दिलेलं सूत्र एकच कारण धरतं: स्फटिककण लहान आहे म्हणून पीक रुंद. तुझ्या किसात दुसरंही कारण आहे. कणाच्या आतच अणूंच्या थरांमधलं अंतर जागोजागी कमीजास्त आहे. त्याला मायक्रोस्ट्रेन म्हणतात, आणि त्याचा हिशेब स्टोक्स आणि विल्सन यांनी १९४४ मध्ये मांडला. दोन्ही कारणांनी पीक रुंदच होतो, पण कोन वाढेल तशी रुंदी वाढण्याची चाल वेगळी. आकाराची रुंदी 'एक भागिले कॉस थीटा' अशी वाढते, स्ट्रेनची 'टॅन थीटा' प्रमाणे. थीटा म्हणजे पीकच्या कोनाचा निम्मा.

तुझ्याच कोनांवर आकडे घालून बघ. कण २० नॅनोमीटरचा आणि स्ट्रेन शून्य असेल तर ४३.३ अंशांवरचा पीक ०.४३ अंश रुंद आणि ९५.१ वरचा ०.५९. दीडपटही वाढ नाही. उलट कण मोठा आणि स्ट्रेन ०.२ टक्के असेल तर ०.१८ वरून थेट ०.५०, म्हणजे पावणेतीनपट. आता दोन्ही एकत्र धर, रुंद्यांची साधी बेरीज कर आणि नुसत्या शेररमध्ये घाल. पहिल्या पीकवरून १४ नॅनोमीटर येतील, शेवटच्यावरून ११. खरा कण २० चा आहे आणि दोन्ही उत्तरं चुकली. त्यांची सरासरी काढून मिळणारा साडेबाराचा आकडा नमुन्यातल्या कुठल्याच गोष्टीचा नाही.

हे सगळं यंत्राची स्वतःची रुंदी वजा केल्यानंतर हं. ती केलीस का?

---

ताणाबाणा (सोमवार, सकाळी ७:०५)

सर, यंत्राची रुंदी म्हणून तापवलेल्या किसाचे पीक घेतले. पण तो तापवताना काळा पडला होता.

---

गोनिओमीटर (सोमवार, सकाळी ९:३०)

तांबं हवेत तापवलंस तर काळं होणारच. आलेखात ३५.५ आणि ३८.७ पाशी काही दिसतं का बघ, तो काळा ऑक्साइड. ३६.४ पाशी दिसलं तर लाल ऑक्साइड. नव्याने थोडा कीस घे आणि आर्गॉनमध्ये तापव. फार वेळ मात्र नको. दाणे मोठे झाले की फार थोडे दाणे विवर्तन करतात आणि तीव्रता भरवशाची राहत नाही. नमुना फिरता ठेवता आला तर ठेव. रुंदी तपासायला लॅंथनम हेक्झाबोराइडची प्रमाणित पावडर लॅबमध्ये असेल तर सर्वांत उत्तम.

आणखी एक गोष्ट तपासच. तांब्याच्या ट्यूबमधून दोन तरंगलांबी येतात, १.५४०६ आणि १.५४४४ आँगस्ट्रॉम. पीक त्यामुळे जोडीचा असतो. ४३.३ वर या जोडीतलं अंतर ०.११ अंश असतं, ९५.१ वर ०.३१. ही वाढ टॅन थीटाचीच आहे, म्हणजे हुबेहूब स्ट्रेनसारखी. दुसरी तरंगलांबी मॉडेलमध्ये घेतली नाहीस, तर निर्दोष तांब्यातही तुला स्ट्रेन सापडेल. मी एका प्रबंधात हे घडलेलं पाहिलंय. व्हायव्हाच्या आदल्या रात्री कळलं त्या मुलीला.

---

साचा_आणि_रस (सोमवार, दुपारी १:२०)

मी फाउंड्रीतला माणूस, क्वालिटी बघतो. त्या फुगवट्याबद्दल बोलतो. बाळ, कानस कशाची होती? पोलादाची. ४४.७ अंशांवर लोखंडाचा (११०) पीक येतो, आणि लोखंडाचा सगळ्यात जोरदार पीक तोच. तुझ्या किसात कानशीचे दात मिसळलेत. कागदावर कीस पसर, खालून चुंबक फिरव आणि बघ.

---

ताणाबाणा (सोमवार, रात्री ९:५०)

काका, मिसळलेत! कागदाखालून चुंबक सरकवला तशी काळपट बारीक रेघ त्याच्यामागे चालायला लागली. डोळ्यांनी एरवी काही दिसत नव्हतं, सगळं तांबूसच होतं. चार वेळा फिरवून साफ केलं. मी मात्र आठ दिवस स्टॅकिंग फॉल्टचं गणित वाचत होतो.

---

गोनिओमीटर (सोमवार, रात्री १०:३०)

काकांना शंभर गुण. लोखंडाने आणखी एक त्रास होतो. तांब्याच्या ट्यूबच्या किरणांनी लोखंड स्वतः चमकतं, फ्लुओरेसन्स होतो आणि मागची पातळी वर उचलली जाते. मग पीकच्या शेपट्या त्यात बुडतात, आणि स्ट्रेनची बरीचशी खबर त्या शेपट्यांतच असते.

ते वाचन वाया गेलं नाही मात्र. स्टॅकिंग फॉल्ट खरोखर असले तर (१११) थोडा उजवीकडे आणि (२००) थोडा डावीकडे सरकतो, दोघं एकमेकांकडे येतात. साध्या ताणाने दोघं एकाच दिशेला गेले असते. पितळेत हे जास्त ठळक दिसतं, तांब्यात कमी.

---

अनगोळ_३११ (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

मी मॉडेलिंग करते, धातूकाम कधी केलं नाही, त्यामुळे माझ्या बाजूने सांगते. आधी कागदावरचा खोटा स्फटिक बिघडवून बघ, मग खऱ्याकडे जा. मला स्वतःला यातूनच विषय समजला.

एका ओळीत २०० अणू ठेव, समान अंतरावर, आणि विवर्तन काढ. टोकदार पीक येतील. मग दोन प्रकारे बिघाड कर.

पहिला प्रकार: प्रत्येक अणूला त्याच्या ठरलेल्या जागेपासून किंचित इकडे-तिकडे हलव, पण ठरलेली जागा कायम. आलेखात पीकची उंची कमी होते, वरच्या कोटीच्या (दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकाच्या) पीकची जास्त, मागची पातळी थोडी वाढते, आणि रुंदी आहे तेवढीच राहते! उष्णतेच्या कंपनांचं असंच असतं. तापमानाने पीक खुजा होतो, जाड होत नाही.

दुसरा प्रकार: ठरलेली जागाच नाही. प्रत्येक अणू आधीच्या अणूपासून 'साधारण एवढ्या' अंतरावर ठेव. चूक चुकीत मिळत जाते. विसाव्या अणूला पहिल्याचा पत्ता थोडाफार माहीत असतो, दोनशेव्याला अजिबात नाही. इथं पीक रुंद होतात आणि कोटी वाढेल तसे झपाट्याने रुंद होतात.

पन्नास ओळींचा प्रोग्रॅम आहे, आज रात्री होईल.

---

ताणाबाणा (बुधवार, रात्री ११:५५)

ताई, केला. आणि आकृती बघताना एकदम बाबांचा माग डोळ्यांसमोर आला.

मागावर उभे धागे फणीतून ओवलेले असतात. धागा फणीच्या घरात थोडा हलेल, पण शेजारच्या घरात जाणार नाही. दोनशेवा धागा दोनशेव्याच घरात. हा पहिला प्रकार. आडव्या धाग्याला तसं घर नसतं. धोटा गेला, फणीने ठोकलं, की नवा धागा आधीच्या धाग्याला टेकून बसतो. ठोका कमीजास्त झाला तर ती चूक पुढच्या सगळ्या धाग्यांना मिळते. म्हणून कापड रुंदीला बरोबर येतं आणि लांबीला बाबांना फूटपट्टी लावून पुन्हापुन्हा मोजावं लागतं.

मग लेझर पॉइंटर घेतला, ६५० नॅनोमीटरचा, आणि बारीक विणीच्या कापडातून पाच मीटरवरच्या भिंतीवर पाडला. इंचाला शंभर धागे असले तर ठिपके सुमारे १३ मिलिमीटर अंतराने यायला हवेत, तसेच आले. आईने कापडाची दोन टोकं तिरपी ओढली तसा भिंतीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पट तिरका झाला. सगळीकडून सारखं ओढलं तर ठिपके सरकतात. एका कोपऱ्यात चुरगाळून धरलं तर ठिपके पसरतात. सरकणं आणि पसरणं वेगळं, हे पुस्तकात चार वेळा वाचलं होतं. आईच्या हातात कापड बघून कळलं.

---

साचा_आणि_रस (गुरुवार, सकाळी ८:००)

सुरेख लिहिलंस रे. सरकण्यावर माझी भाकरी चालते म्हणून थोडं त्यावर.

शॉट पीनिंग केलेल्या (बारीक छर्‍यांचा मारा केलेल्या) पोलादाच्या पृष्ठभागावर दाबाचा ताण आहे का, हे आम्ही बाहेरच्या लॅबमधून एक्स-रेने मोजून घेतो. तिथं तांब्याची ट्यूब चालत नाही, क्रोमियमची लागते. क्रोमियमच्या किरणांनी लोखंडाचा (२११) पीक १५६ अंशांजवळ येतो, आणि तिथं टॅन थीटा पावणेपाचच्या घरात असतो. ४०० मेगापास्कलचा दाब असेल तर नमुना सरळ असतानाचा आणि ४५ अंश कलवल्यावरचा पीक यात साधारण ०.६६ अंशांचा फरक पडतो. हाच फरक ४३ अंशांवरच्या पीकला जेमतेम ०.०६ आला असता, कोणाला दिसणारही नाही. वेगवेगळ्या कलांवर मोजून कलाच्या कोनाच्या साइनच्या वर्गासमोर मांडायचं आणि रेघ ओढायची, रेघेच्या उतारावरून ताण कळतो. किरण काही मायक्रोनच आत जातात, त्यामुळे खोलीतला ताण हवा असेल तर ॲसिडमध्ये विजेने थर काढत मोजावं लागतं.

तुला एक सावधगिरीची सूचना. पीक सरकला म्हणजे ताणच, असं नाही. होल्डरमध्ये पावडर ०.१ मिलिमीटर वर राहिली, तर २०० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रावर ४३.३ चा पीक ०.०५ अंश सरकतो. ०.१ टक्के ताणानेही साधारण तेवढाच सरकतो. फरक ओळखायचा तर ९५ च्या पीककडे बघ. ताणाने तो ०.१२ सरकेल, पावडरच्या उंचीने उलट आणखी कमी, कारण ती कॉस थीटाने चालते. काच दाबून पावडर होल्डरच्या कडेशी सपाट कर. घाई करू नकोस.

---

निपाणी_सायन्स (गुरुवार, दुपारी ३:४५)

धागा वाचतोय, मस्त चाललाय. एक प्रश्न. माझ्या मैत्रिणीकडे सिलिकॉनच्या वेफरवर वाढवलेला सिलिकॉन-जर्मेनियमचा पातळ थर आहे. तिलाही विल्यमसन-हॉल चालेल का?

---

गोनिओमीटर (गुरुवार, रात्री ८:२०)

नाही. तिचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. पावडरमध्ये आपण धरतो की किरण एकदा विखुरला की बाहेर. जवळपास निर्दोष एकस्फटिकात विखुरलेला किरण पुन्हा पुन्हा विखुरतो आणि मूळ किरणाशी त्याची देवघेव चालते. डार्विन यांनी १९१४ मध्ये तो हिशेब केला. सिलिकॉनच्या (००४) पीकची नैसर्गिक रुंदी जेमतेम चार आर्कसेकंद आहे. अंशाच्या हजाराव्या भागाएवढी. जालक हळूहळू बदलत जात असेल तर ताकागी (१९६२) आणि तोपँ (१९६४) यांची समीकरणं थराथराने सोडवायची. जर्मेनियमचं जालक सिलिकॉनपेक्षा ४.२ टक्के मोठं आहे, त्यामुळे थराचा पीक वेफरच्या पीकपासून किती दूर गेला यावरून मिश्रण आणि ताण दोन्ही काढता येतात. तिने वेगळा धागा काढावा, तिथं बोलू.

स्फटिकाच्या दोषांवर बेंगळुरूत १९४० च्या दशकात जी. एन. रामचंद्रन यांनी हिऱ्यांची एक्स-रे टोपोग्राफी केली होती. पुढे लोक त्यांना प्रथिनांसाठी ओळखू लागले, पण तरुणपणी ते हिऱ्यातल्या वाकड्या जालकाची चित्रं काढत होते. मला ते फार आवडतं.

---

अनगोळ_३११ (गुरुवार, रात्री ९:१५)

आता मूळ प्रश्न, (२००) वर का उडाला. माझं हँडलच पीकच्या नावाचं आहे, तेव्हा हे मी सांगते.

तांबं सगळ्या दिशांना सारखं कडक नाही. (१११) दिशेला त्याचा यंग गुणांक १९० गीगापास्कलच्या आसपास, (१००) दिशेला ६७. जवळपास तिप्पट फरक! डिसलोकेशनने (अणूंच्या रांगेतल्या दोषरेषेने) जालक वाकतं तेव्हा मऊ दिशेला जास्त वाकतं. म्हणून (२००) जास्त रुंद, (१११) आणि तिचीच दुसरी कोटी (२२२) कमी रुंद. एकाच स्ट्रेनच्या आकड्यात सगळे पीक बसवायला गेलास, हा खरा घोटाळा.

उंगार आणि बोर्बेली यांनी १९९६ मध्ये याला उपाय दिला. प्रत्येक पीकला एक कॉन्ट्रास्ट घटक द्यायचा, म्हणजे त्या पीकवर डिसलोकेशनचा परिणाम किती दिसतो तो आकडा. घनाकृती स्फटिकात तो (१ वजा क्यू गुणिले एच वर्ग) या प्रमाणात असतो. एच वर्ग म्हणजे निर्देशांकांच्या वर्गांचे दोन-दोनचे गुणाकार बेरीज करून, सगळ्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गाने भागायचं. (२००) ला शून्य, (२२०) ला पाव, (१११) आणि (२२२) ला एक तृतीयांश, (३११) ला १९ भागिले १२१. डिसलोकेशनचे दोन प्रकार, एज आणि स्क्रू; तांब्यासाठी क्यू एजला १.७ च्या आसपास, स्क्रूला २.४ च्या. मधला २ धर. मग (२००) ला १, (३११) ला ०.६९, (२२०) ला ०.५, आणि (१११) ला ०.३३. रुंदीत याचं वर्गमूळ येतं.

आलेखाच्या आडव्या अक्षावर नुसता साइन थीटा न घेता त्याला या वर्गमुळाने गुण आणि बिंदू पुन्हा मांड.

---

ताणाबाणा (पुढचा शनिवार, दुपारी ४:३०)

नवा कीस, चुंबक फिरवलेला, आर्गॉनमध्ये तापवलेल्या जोडीदारासकट मोजला. काचेने दाबून सपाट केला. दुसरी तरंगलांबी मॉडेलमध्ये घेतली.

४४.७ चा फुगवटा गेला. तापवलेल्या किसाचे पीक इतके बारीक आले की (२२२) मध्ये जोडी उघड्या डोळ्यांनी दिसते. कच्च्या किसाचे पाच बिंदू ताईंच्या पद्धतीने मांडले तर रेषेच्या अगदी जवळ आले. (२००) खाली आला. क्यू मोकळा सोडला तर १.७ आणि २.४ च्या मधे बसतो.

पण रीटफेल्ड फिटमध्ये एकच साधा स्ट्रेन ठेवूनही जुळणीचा आकडा वाईट येत नाही, आणि तो फिट मात्र (२००) ला बारीक आणि (१११) ला रुंद दाखवतो. फरकाची रेघ (मोजलेला आलेख वजा मॉडेलचा) पाहिली नसती तर कळलंच नसतं. मग कोणतं मॉडेल लिहू?

---

गोनिओमीटर (शनिवार, संध्याकाळी ७:१०)

फरकाच्या रेघेत ज्या मॉडेलमध्ये नियमित लाट उरत नाही ते. एकूण आकडा सगळ्या बिंदूंवर पसरलेला असतो. दोन पीकमधली चूक तो गिळून टाकतो. आणि साधं मॉडेलही प्रबंधात ठेव, शेजारी त्याची फरकाची रेघ छाप. वाचणाऱ्याला दिसू दे.

अजून एक. तुझ्याकडे (१११)-(२२२) ही एकच जोडी आहे. वॉरन आणि अ‍ॅव्हरबाख यांनी १९५० मध्ये आकार आणि स्ट्रेन वेगळे काढले ते एकाच दिशेच्या दोन कोटींची तुलना करून. आकाराचा परिणाम दोन्ही कोटींना सारखा, स्ट्रेनचा वाढता. स्कॅन १४५ पर्यंत ने. ११६.९ ला (४००) मिळेल, म्हणजे (२००) ला जोडीदार. १३६.५ ला (३३१), १४४.७ ला (४२०). (४००) फार अशक्त आहे, त्याला मोजायला भरपूर वेळ दे.

---

अनगोळ_३११ (शनिवार, रात्री १०:००)

आणि वेळ मिळाला तर डिबायच्या १९१५ च्या सूत्राने खोटा कण पूर्ण बांध. त्यात जालक नियमित आहे असं गृहीत धरावं लागत नाही, प्रत्येक अणूपासून प्रत्येक अणूचं अंतर घ्यायचं आणि बेरीज करायची. ५ नॅनोमीटरच्या गोळ्यात साडेपाच हजार अणू, दीड कोटी जोड्या, लॅपटॉपवर होतं. २० नॅनोमीटरला साडेतीन लाख अणू आणि सहा हजार कोटींवर जोड्या. तिथं आधी अंतरांचा हिस्टोग्रॅम कर, नाहीतर दिवस जातील. त्या गोळ्यात हाताने एक डिसलोकेशन घाल आणि (२००) कुठं जातो ते बघ.

---

ताणाबाणा (रविवार, सकाळी ६:४०)

५ नॅनोमीटरचा गोळा रात्री लावून झोपलो, झालाय. (४००) साठी मंगळवारी यंत्राची रात्रपाळी मिळालीये. काका, कीस कमी पडेल असं वाटतंय. मामांकडे परवा येताय का? यावेळी कानशीऐवजी कशाने काढावा ते तुमच्यासमोर ठरवू.

---

साचा_आणि_रस (रविवार, सकाळी ७:१५)

येतो. दुपारी तीननंतर. कानसच वापरू, पण नवी. जुनीचे दात जास्त झडतात. आणि चुंबक घेऊन ये, तोच.